सर्दी, सूक्ष्मदर्शक आणि मी

माझ्या नाकाविषयी चार शब्द लिहून लेखाची सुरुवात करावी लागते आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. फराळाची बशी पुढ्यात घेऊन अंक उघडणाऱ्या मंडळींना पहिल्याच ओळीत सर्दीची वर्दी देणे शिष्टाचाराला धरून नाही, हे मी जाणतो. पण माझी कथा नाकापासूनच सुरू होते. आणि ती पुढे जिथे जाते ती जागा तर नाकाहूनही अधिक संकोचाची आहे. तेव्हा आधीच मन घट्ट केलेले बरे.

मला जन्मापासून सर्दी आहे. होती असे नव्हे, आहे. गिरगावातल्या ज्या चाळीत मी वाढलो, तिथे माझ्या खोकल्यावर लोक घड्याळ लावीत. पहाटे पाचला मी खोकू लागलो, की खालच्या मजल्यावरच्या काकू बंब पेटवायला उठत. शाळेत मास्तरांनी मला कायमचे खिडकीशी बसवले होते. माझ्या खिशात दोन रुमाल असत. एक दाखवायचा आणि एक वापरायचा. आईने काय करायचे बाकी ठेवले? सुंठ-गूळ झाला, गवती चहा झाला, ओव्याची पुरचुंडी झाली, निलगिरीचा वाफारा झाला. हवापालट म्हणून एक अख्खा मे महिना वाईला मावशीकडे काढला आणि मावशीच्या घरातल्या सर्वांची झोप मोडून परत आलो. मधूनच कान फुटायचा तो वेगळाच. शेवटी 'प्रकृतीच कफाची' असा निकाल देऊन वैद्य-डॉक्टरांनी हात टेकले. पुढे विमा कचेरीत नोकरी लागली, 1979 च्या मे महिन्यात लग्न झाले, आणि माझ्या दोन रुमालांची जबाबदारी आईकडून सौभाग्यवतीकडे गेली.

हे सर्दीपुराण आजच सोडायला बसलो याला कारण माझा पुतण्या.

गेल्या गुढीपाडव्याला तो आणि सूनबाई आमच्याकडे जेवायला आली होती. लग्नाला चार वर्षे झालेली, दोघेही कमावती, स्वभावाने गोड. जेवणे झाल्यावर आम्ही दोघे बाहेर सुपारी कातरत बसलो होतो. आतून सूनबाईंचा दबका आवाज येत होता. थोड्या वेळाने सौ. बाहेर आली आणि तिने माझ्यापुढे एक फाइल ठेवली. विटेएवढी जाड. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी, पुन्हा रक्त, पुन्हा सोनोग्राफी.

"यात त्याचा एक तरी कागद आहे का, बघा," सौ. म्हणाली.

मी फाइल उलटसुलट चाळली. एकही नव्हता. पुतण्याकडे पाहिले, तर तो हसून म्हणाला, "काका, मला काय झालंय? मी रोज व्यायाम करतो."

सौ. काही बोलली नाही. तिने माझ्याकडे फक्त पाहिले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी अगदी याच सुरात मी म्हटले होते, "मला काय धाड भरली आहे?" ते तिला आठवत होते, आणि ते तिला आठवते आहे हे मला कळत होते.

त्या दिवशी दुपारी मी पुतण्याला जे सांगितले, तेच आज येथे लिहितो आहे.

लग्नानंतर वर्ष उलटले आणि चाळीतल्या बायकांच्या नजरा सौ.च्या पोटावरून फिरू लागल्या. दुसरे वर्ष सरले तशा जिभाही सुटल्या. आईने सोळा सोमवार सुचवले, ते झाले. औदुंबराच्या प्रदक्षिणा झाल्या. त्र्यंबकेश्वरला नारायणनागबळी झाला. त्याची रजा मात्र मी आनंदाने काढली, कारण त्यात माझ्या अंगाला कुणी हात लावणार नव्हते. मग डॉक्टर सुरू झाले. रोज पहाटे उठायच्या आधी थर्मामीटर तोंडात धरून ती ताप लिहून ठेवी. नळ्यांत औषध सोडून एक्स-रे काढला, तेव्हा ती टॅक्सीत ओठ चावून बसली होती. दोनदा क्युरेटिंग झाले. दर वेळी अहवाल येई की हिच्यात दोष सापडत नाही. आणि दर वेळी घरात त्याचा अर्थ असा लावला जाई, की अजून सापडलेला नाही.

बारशाच्या बोलावण्याला ती जाई. पण पाळण्याची दोरी हाती घ्यायची वेळ आली, की स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून निघून जाई. एकदा कुणीतरी ती दोरी तिच्या हातून काढून घेतली होती म्हणे. हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

आणि मी? मी कचेरीत जात होतो, येत होतो, खोकत होतो. एका डॉक्टरांनी माझ्या तपासणीची चिठ्ठी दिली होती. ती मी पाकिटात ठेवली आणि पाकीट फाटेपर्यंत बाळगली. ज्या मुंबईत रघुनाथराव कर्व्यांनी 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले, लैंगिक विषयांवर उघड लिहिले आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, त्याच मुंबईत मी एका काचेच्या बाटलीला घाबरत होतो. बरे, दोष पुरुषाकडे असू शकतो हे काही आपल्याला नवे नाही. पांडूची आणि विचित्रवीर्याची कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. पण कथा ऐकणे निराळे आणि चिठ्ठी घेऊन रांगेत उभे राहणे निराळे.

मग 6 ऑगस्ट 1986 हा दिवस उजाडला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉक्टर इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी एका टेस्ट ट्यूब बालिकेचा जन्म झाला. वर्तमानपत्रे त्या बातमीने भरून गेली. खालच्या काकू तो अंक घेऊन तीन जिने चढून वर आल्या आणि सौ.च्या हातात देऊन, काही न बोलता खाली उतरल्या. त्यांच्या मनात चांगलेच होते. त्या रात्री सौ. मला म्हणाली, "मी जाऊन विचारून येते." आणि ती एकटी एका मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी तिची सगळी कागदपत्रे पाहिली, चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला, "मिस्टरांचा रिपोर्ट कुठाय?"

त्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात मी तपासणीला गेलो. लग्नाला साडेसात वर्षे झाली होती. शनीची साडेसातीसुद्धा तेवढीच असते.

तपासणी म्हणजे काय, याविषयी आपल्याकडे भलते समज आहेत म्हणून सांगतो. सुई नाही, भूल नाही, रजा नाही. दोन ते सात दिवसांचा संयम, एक बाटली, दार लावलेली खोली आणि अर्धा तास. पुढचे काम प्रयोगशाळेचे. नमुना पातळ झाला की त्याचा थेंब आखीव चौकटीच्या काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी 1980 साली एक पुस्तिका काढली. तिची सहावी आवृत्ती 2021 ची आहे. तीत दिलेली खालची मर्यादा अशी: एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू, त्यांतले शेकडा 42 हालचाल करणारे, आणि शेकडा 4 सुबक बांध्याचे. चारच! उरलेल्या शहाण्णवांत कुणाचे डोके मोठे, कुणाची मान वाकडी, कुणाची शेपटी आखूड. निसर्गाच्या कारखान्यात एवढा खराब माल निघत असूनही जग चालले आहे, हे वाचून मला फार दिलासा मिळाला होता.

प्रयोगशाळेतले वयस्क तंत्रज्ञ भले गृहस्थ होते. त्यांनी बराच वेळ नळीला डोळा लावला, मान उचलली, पुन्हा लावला. मग मला आत बोलावले. "बघता?" म्हणाले.

मी पाहिले. करड्या उजेडात टाचणीच्या डोक्यासारखे असंख्य ठिपके, प्रत्येकाला केसासारखी शेपटी. संख्या भरपूर होती. पण सगळे जागच्या जागी. वारा पडलेल्या दिवशी झाडाची पाने असावीत तसे.

"मेलेत का?" मी विचारले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"थांबा," ते म्हणाले. त्यांनी दुसऱ्या काचेवर थेंब घेतला, त्यात इओसिन नावाचे लाल रंगद्रव्य मिसळले आणि मला पुन्हा बोलावले. मेलेल्या पेशीचे आवरण गळके होते आणि रंग आत शिरतो. जिवंत पेशी रंगाला बाहेरच ठेवते. मी पाहिले, तर बहुतेक सगळे पांढरे होते. "जिवंत आहेत," ते म्हणाले. "पण हलत नाहीत. असं मी फार क्वचित पाहिलंय."

अहवाल घेऊन मी विशेषज्ञांकडे गेलो. त्यांनी तो वाचला, मला न्याहाळले आणि विचारले, "तुम्हाला लहानपणापासून सर्दी असते का?"

मला हसूच आले. एवढा जन्माचा प्रश्न घेऊन आलो होतो आणि हे गृहस्थ माझ्या नाकाची चौकशी करीत होते! मी दुसरा रुमाल काढून दाखवला. त्यांनी स्टेथॉस्कोप घेतला, आधी माझ्या छातीच्या उजव्या बाजूला लावला, मग डाव्या. "डावीकडेच आहे," म्हणाले. आपले हृदय डावीकडे असते हे डॉक्टरांनी तपासून पाहावे, याचे मला नवल वाटले. पण त्यांनी मला बसवून घेतले आणि जे समजावून सांगितले, त्याने माझ्या आयुष्याचा हिशेब एका दुपारीत जुळला.

ती हकीकत थोडी मागून सांगायला हवी.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेव्हेनहुक नावाचा एक कापडवाला होता. कापडाचा पोत पाहायला भिंग लागे; त्यातून त्याला भिंगे घासण्याचा नाद लागला. हरभऱ्याहून लहान अशा एकाच भिंगातून तो दोन-अडीचशे पट मोठे दाखवणारी यंत्रे करी. 1677 साली लायडनच्या एका विद्यार्थ्याने त्याच्याकडे रुग्णाचा नमुना आणला, आणि त्यात शेपटीवाले जीव वळवळताना दिसले. मग लेव्हेनहुकने स्वतःचा नमुना पाहिला. लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिताना त्याची केवढी तारांबळ! हा नमुना आपण धर्मपत्नीच्या सहवासातूनच मिळवला आहे असा त्याने खुलासा केला, आणि विद्वानांना हे किळसवाणे वाटल्यास पत्र खुशाल दडपून टाकावे असेही लिहिले. म्हणजे या विषयातला संकोच या विषयाएवढाच जुना आहे. फरक इतकाच, की संकोच वाटत असूनही त्या कापडवाल्याने पाहिले.

पुढे या जिवांचे काम काय, हे कळायला एक कमी दोनशे वर्षे गेली. 1876 साली ऑस्कर हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञाने सी अर्चिन या काटेरी समुद्रप्राण्याच्या अंड्यात शुक्राणूचे आणि अंड्याचे केंद्रक एकमेकांत मिसळताना पाहिले.

आता शुक्राणू पोहतो तो शेपटीच्या बळावर. त्या शेपटीत यंत्र कोणते आहे? साध्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसणे शक्यच नव्हते. प्रकाशाच्या लहरींनाही काही लांबी असते. तिच्यामुळे एका मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाहून जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत, हे अर्न्स्ट अॅबे याने 1873 मध्येच सांगून ठेवले होते. आणि शेपटीतल्या यंत्राची सबंध जाडीच मुळी तेवढी! घराच्या उंबरठ्यावर दिवा विझावा आणि आतले काही दिसू नये, तशी गत. 1931 साली बर्लिनमध्ये रुस्का आणि नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरणारे यंत्र उभे केले, तेव्हा हा उंबरठा ओलांडता आला.

या यंत्राखाली शेपटीचा आडवा छेद जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखा दिसतो. मध्ये दोन नळ्या, भोवती नऊ जोडनळ्या. 1959 साली स्वीडनच्या ब्योर्न अफझेलियस यांना सी अर्चिनच्या शुक्राणूत आणखी काही दिसले. प्रत्येक जोडनळीला दोन इवलेसे हात होते. हे हात शेजारच्या नळीला धरून सरकवतात, आणि त्या सरकण्यानेच शेपटी वळते. ज्या प्रथिनाचे हे हात बनतात त्याला 1965 मध्ये 'डायनीन' हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत बळाचा जो शब्द आहे त्यावरून.

पुढे याच अफझेलियसांनी मूल नसलेल्या काही पुरुषांचे शुक्राणू पाहिले. ते जिवंत होते, पण निश्चल. आणि त्या जोडनळ्यांना हातच नव्हते. गंमत अशी, की याच माणसांना जन्मभर सर्दी-खोकला होता. का? तर आपल्या नाकात आणि श्वासनलिकेत जे सूक्ष्म केस असतात, ज्यांच्या सेकंदाला दहाबारा फटकाऱ्यांनी कफ वर ढकलला जातो, त्या केसांच्या आत हेच यंत्र असते. तोच आकाशपाळणा, तेच हात. हात नसले की कफ साचतो आणि शुक्राणू जागचा हलत नाही. त्यांतल्या काहींचे हृदय उजवीकडे होते. गर्भाच्या अगदी सुरुवातीला असलेच सूक्ष्म केस फिरून डावे-उजवे ठरवतात. ते बंद असतील तर निर्णय नशिबावर जातो. म्हणून अशा माणसांपैकी सुमारे निम्म्यांची इंद्रिये उलट बाजूंना असतात. 1976 साली 'सायन्स' या नियतकालिकात अफझेलियसांनी हे सारे एका सूत्रात बांधून दाखवले. माझ्या डॉक्टरांनी उजवीकडे स्टेथॉस्कोप का लावला, ते मला आता समजले. माझ्या बाबतीत नाणे सुलट पडले होते, इतकेच.

माझा नमुना एका संशोधनसंस्थेत पाठवला. तिथे तो रसायनात स्थिर करून राळेत बसवतात, काचेच्या किंवा हिऱ्याच्या सुरीने त्याचे काप काढतात. एक काप माणसाच्या केसाच्या जाडीचा हजारावा भाग! काही आठवड्यांनी डॉक्टरांनी दोन कृष्णधवल छायाचित्रे माझ्यापुढे ठेवली. एक निरोगी माणसाचे, एक माझे. दोन्हींत नऊ जोड्या, मध्ये दोन. पण पहिल्यात प्रत्येक जोडीला इवले आकडे होते. दुसऱ्यात कडा गुळगुळीत. पन्नास हजार पट मोठे करून पाहिल्यावर माझ्या आईच्या सुंठीचे, वाईच्या मे महिन्याचे आणि आमच्या रिकाम्या पाळण्याचे कारण एकाच चित्रात दिसत होते.

"उपाय?" मी विचारले.

"आज नाही," ते म्हणाले. टेस्ट ट्यूब पद्धतीतसुद्धा बशीत शुक्राणूला स्वतः पोहून अंड्यात शिरावे लागते. माझे तेवढेही पोहणार नव्हते.

त्या संध्याकाळी मी सौ.ला सगळे सांगितले. ती आले किसत होती, माझ्या चहासाठी. तिने सगळे ऐकून घेतले, चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. बराच वेळ उभी होती. आत आल्यावर म्हणाली, "म्हणजे मला काही झालेलं नव्हतं." ते ती मला सांगत नव्हती. स्वतःलाच ऐकवत होती.

आता जे लिहितो ते लिहायला मला सगळ्यांत जड जाते आहे. मी सौ.ला सांगितले, पण आईला सांगितले नाही. आज सांगू, उद्या सांगू असे म्हणत राहिलो. आईचे वय झाले आहे, तिला सोसणार नाही, अशी सबब मी स्वतःला देत असे. खरे कारण निराळे होते. मूल न होणे आणि पुरुष नसणे यांत मला तेव्हा फरक करता येत नव्हता. तो फरक डॉक्टरांनी मला स्पष्ट शब्दांत सांगितला होता. संसारसुखात आमच्या काहीही उणे नव्हते. पण डोक्याला कळलेले मनात उतरायला वेळ लागतो. आणि तो वेळ कुणाच्या खर्चाने गेला? आई 1991 साली गेली. जाण्यापूर्वी महिनाभर सौ.ने तिचे सगळे केले. त्या आजारपणातही भेटायला आलेल्या नातेवाइकांना आई म्हणे, "सून गुणाची हो, पण देवानं तिची कूस उघडली नाही." मी शेजारी उभा असे. मी खोकत असे. बोलत नसे.

दुसऱ्याच वर्षी, 1992 मध्ये, ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी एक नवी पद्धत जाहीर केली. एकच शुक्राणू काचेच्या अतिबारीक सुईत घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली थेट अंड्यात सोडायचा. त्याला पोहता आले नाही तरी चालते. जिवंत असला की पुरे. माझ्यासारख्यांसाठीच जणू ती पद्धत निघाली होती. पण आपल्याकडे ती सर्रास व्हायला आणखी काही वर्षे गेली. आणि तोवर सौ.ने चाळिशी गाठली होती. मी पाकिटातली ती पहिली चिठ्ठी वेळीच वापरली असती तरी तेव्हा उपाय नव्हताच. पण निदान तिला दोन क्युरेटिंग झाली नसती, आणि पाळण्याची दोरी तिच्या हातून कुणी काढून घेतली नसती.

निवृत्तीनंतर मला या यंत्रांचे वेड लागले. मिळेल ते वाचतो. अॅबेने घातलेली मर्यादा प्रकाशानेच ओलांडण्याच्या युक्त्या निघाल्या आणि त्यांना 2014 चे नोबेल मिळाले. त्या युक्तीने उंदराच्या शुक्राणूची शेपटी पाहिली, तेव्हा तिला जोराचा फटकारा देणारी कॅल्शियमची दारे शेपटीच्या लांबीभर चार ओळींत मांडलेली दिसली. नमुना क्षणात गोठवून, रंग न लावता इलेक्ट्रॉनखाली पाहण्याच्या पद्धतीला 2017 चे नोबेल मिळाले. तिने डायनीनच्या हातांची घडणसुद्धा उलगडते आहे. मानवी शुक्राणू अंड्याला एकच सेंट्रिओल देतो, असे पाठ्यपुस्तके सांगत. 2018 मध्ये अशाच सूक्ष्म तपासणीतून दुसराही सापडला. त्याचा आकार ओळखीचा नव्हता म्हणून तो इतकी वर्षे नजरेतून सुटला होता! ज्यांच्या नमुन्यात एकही शुक्राणू दिसत नाही, अशांच्या अंडकोशातसुद्धा शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली एखादी चांगली नलिका हुडकून काढण्याची पद्धत 1999 पासून आहे. माझ्या विकाराला कारण होणारी पन्नासांहून अधिक जनुके आता ठाऊक आहेत. आणि काहींत तर हात जागेवर दिसतात, तरी केस नीट हलत नाही. म्हणजे भिंगालाही सगळे दिसत नाही. पण जे दिसते त्याकडे आपण डोळा लावायला हवा, एवढे तरी आपल्या हाती असते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने. तरी फाइल एकाचीच जाड होत जाते.

हे सगळे मी पाडव्याच्या दुपारी पुतण्याला सांगितले. तो मान खाली घालून ऐकत होता. सुपारी तशीच राहिली. निघताना जिन्यात थांबून म्हणाला, "काका, तुम्ही बरोबर याल?"

मी गेलो. आता नळीला डोळा लावावा लागत नाही. सगळे पडद्यावर दिसते. त्याचे शुक्राणू पोहत होते, पण मोजके. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तपासणी केली, कारण एका अहवालावर निकाल द्यायचा नसतो. तीच गत. डॉक्टरांनी तपासले, तर डाव्या बाजूच्या शिरा फुगलेल्या निघाल्या. व्यायामाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. आषाढात सूक्ष्मदर्शकाखालीच त्याची छोटी शस्त्रक्रिया झाली. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. त्यामुळे फरक पडला की नाही हे कळायला थांबावे लागते. हा अंक आपल्या हाती पडेल त्यानंतरच्या आठवड्यात त्याची पुढची तपासणी आहे. गुण येईलच असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही. बऱ्याच जणांना येतो, काहींना येत नाही. परंतु मध्यंतरी सूनबाई घरी आली होती, ती हात हलवत. फाइल आता पुतण्या सांभाळतो.

लेख लिहून झाल्यावर मी तो सौ.ला वाचून दाखवला. छापायचा तर तिच्या परवानगीवाचून कसा छापणार? आले किसता किसता तिने तो शेवटपर्यंत ऐकला.

"बाकी ठीक आहे," ती म्हणाली. "एक आकडा चुकलाय. साडेसात वर्षं नव्हेत."

"अगं, मे एकोणऐंशी ते नोव्हेंबर शहाऐंशी..."

"ते तुमच्या तपासणीपर्यंत. तिथं तुम्ही मोजायचं थांबवलंत. आईंना तुम्ही सांगितलं नाहीत. त्या गेल्या तोवर मी ऐकतच होते. बारा वर्षं झाली. एक तप."

तेव्हा वर जिथे 'साडेसात' असे छापले आहे, तिथे वाचकांनी कृपया 'बारा' असे वाचावे.